शून्य चुकांचा फिल्टर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ९.५०

आजपासून रोजनिशी. पुढे कुणी विचारलं की साहेब, तुमची सुरुवात कशी झाली, तर तारखेसह सांगता यावं.

मुबश्शिर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, विशाल दुबईला गेला, मॉडेल तपासायचं काम कुणीतरी बघायला हवं, आणि ऑफिसात सध्या तुझ्याच हातात काही नाही. म्हणजे निवड माझी झाली. हे मॉडेल क्लायंटकडून, म्हणजे गोडाऊन बांधणाऱ्या कंपनीकडून, दोनदा परत आलंय. २४ तारखेला त्यांच्या निशा मॅडम ऑनलाइन तपासणी घेणार. पास झालं तर मी, प्रितेश भोईर, चेकिंग हेड. नऊ वर्षं ज्युनिअर ड्राफ्ट्समन म्हणून काढल्यावर. पास नाही झालं तर काय, ते सर बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. नकारात्मक प्रश्न विचारायचे नाहीत हा माझा नियम आहे.

काम असं. सहा गोडाऊन, आमच्या अंजूरच्याच पुढे, खाडीच्या बाजूला. अजून जागेवर एक वीट नाही, पण कॉम्प्युटरवर सगळी उभी आहेत, पत्र्यापासून वॉशबेसिनपर्यंत. सॉफ्टवेअरला एक नियम द्यायचा: आग लागली तर बाहेर पडायची जी दारं आहेत ती बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत आणि त्यांच्यासमोर जागा मोकळी पाहिजे. आणि हा नियम मॉडेलमधल्या कुठल्या वस्तूंना लावायचा, हे सांगायला फिल्टर बनवायचा. फिल्टर म्हणजे चाळण. आई रोज तांदूळ चाळते. त्यात न येण्यासारखं काय आहे?

विशालने मे महिन्यात दोन दिवस ट्रेनिंग दिलं होतं. त्या दोन्ही दिवशी मी चुलतभावाच्या हळदीत होतो. आमच्याकडे लग्न चुकवलं तर चालतं, हळद नाही. मदीहा ट्रेनिंगला बसली होती. पण ती मला सात वर्षांनी ज्युनिअर. तिला विचारणं बरं दिसणार नाही.

संकल्प: १) कुणालाही न विचारता शिकायचं. २) चहा दिवसातून दोनदाच.

सकाळी ११.१५
तिसरा चहा. पहिला सरांच्या केबिनमध्ये होता, तो धरत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

फिल्टर बनवला. बारा मिनिटांत. कुठल्या वस्तू घ्यायच्या असं विचारत होतं. काही सुटायला नको म्हणून सगळ्या घेतल्या.

चाळीस मिनिटं लॅपटॉप घरघरत राहिला. निकाल: १,४१२ चुका.

पहिली चूक: कॉलम सी-१ बाहेरच्या बाजूला उघडत नाही. दुसरी: कॉलम सी-२ उघडत नाही. असे सगळे कॉलम, म्हणजे सगळे खांब. मग छपराचे पत्रे. वॉशबेसिनसमोर जागा मोकळी आहे, पण तेही उघडत नाही.

मॉडेल फारच वाईट बनवलंय. मी आलो म्हणून हे बाहेर आलं. स्ट्रक्चरल कन्सल्टंटला मेल टाकला की एकही कॉलम उघडत नाही, याचा लेखी खुलासा करावा. त्याचा फोन आला. बराच वेळ हसत होता. दडपण आलं की काही माणसं हसतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मोठा शोध. फिल्टरमध्ये 'वगळा' असाही पर्याय आहे. कॉलम वगळले. एका झटक्यात ६१८ चुका गेल्या. विशालने हे कधी केलं असेल असं वाटत नाही.

सरांचा एक नियम आहे. फिल्टरमध्ये जे वगळाल त्याच्यासमोर कारण लिहायचं. आमचं ऑफिस धामणकर नाक्याजवळ सरांच्या वडिलांच्या जुन्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यावरच आहे. तिथे लूम बंद पडला की रजिस्टरमध्ये कारण लिहायची पद्धत होती: धागा तुटला, लाईट गेली, कारागीर जेवायला गेला. सर त्यात लहानाचे मोठे झाले. सॉफ्टवेअर आलं तरी सवय जात नाही.

मी कारण लिहिलं: कॉलम आहे.

संध्याकाळी सरांना आकडा सांगितला. खूश झाले. चहा मागवला. तो धरत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद, म्हणून आमचंही ऑफिस बंद. आज ट्रेनिंगचे व्हिडिओ सगळे बघून संपवायचे. एकूण अकरा तास.

डोकं शांत असलं की शिकणं लवकर होतं. म्हणून आधी स्कूटर काढून गणेशपुरीला गेलो. गरम कुंडात बसलो. खरंच शांत झालं. तिथे व्हिडिओ लावला, चार मिनिटं पाहिला, मग नेटवर्क गेलं.

उरले दहा तास छप्पन्न मिनिटं.

८ नोव्हेंबर, शनिवार

पत्रे, पाइप, बेसिन, दिवे, सगळं वगळलं. चुका ३७. पाच दिवसांत १,४१२ वरून ३७.

मदीहा पाठीमागून जात होती. म्हणाली, सर, सगळं वगळत बसण्यापेक्षा नुसती दारं घेतली असती तर पहिल्याच दिवशी एवढंच आलं असतं. मी म्हटलं, प्रत्येकाची पद्धत असते. तिला घाई फार.

घरी बाबांना आकडा सांगितला. बाबांना आकडा कळला नाही, पण हेड हा शब्द कळला. लगेच चप्पल घालून नाक्यावर गेले.

१० नोव्हेंबर, सोमवार

३७ चुका उघडून पाहिल्या. सगळी मागच्या बाजूची दारं. आग लागल्यावर बाहेर पडायची. प्रत्येक दाराला लागून बाहेरून एक भिंत आहे. दार उघडलं की समोर वीट.

रहमतुल्ला चाचांकडे गेलो. मॉडेल त्यांनीच बनवलंय. तीस वर्षं लूमच्या शेडची ड्रॉइंग हाताने काढली, अठ्ठावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकले. त्यांना चूक अशी वाटलीच नाही. म्हणाले, दरवाजा तो है ना बेटा, दीवार के पीछे है.

मग समजावून सांगितलं. गोडाऊन ताब्यात आलं की मालक चोरीच्या भीतीने मागची दारं विटांनी बुजवतो. मग भाडेकरू जागेप्रमाणे ड्रॉइंग मागतो, मग चाचांना सगळं पुन्हा आखावं लागतं. इतकी वर्षं हाच ताप. म्हणून आता ते भिंत आधीच आखून ठेवतात. मालिक बनवाएगाच, तो हम अभी से बना दिए. एकूण दारं अठ्ठेचाळीस, त्यातली अकरा पुढच्या बाजूला, ती मोकळी.

म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर बोलतंय. हे मला जरा गैरसोयीचं वाटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सरांना सांगायचं ठरवलं. साडेदहाला.

साडेदहाला सर फोनवर. साडेअकराला फोनवर नव्हते, पण मी चहाला होतो. चारला केबिनच्या दारापर्यंत गेलो. आतून सर कुणाला तरी सांगत होते की आपला प्रितेश भोईर छुपा रुस्तम निघाला, सदतीसच राहिल्यात, त्या काय तो दोन दिवसांत उडवतो.

परत जागेवर आलो. एवढ्या चांगल्या वातावरणात विषय काढणं योग्य नव्हतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जेवताना बायकोला, रुचिकाला, सहज विचारलं. ती दापोड्याला एका पार्सल कंपनीच्या गोडाऊनमध्ये पॅकिंग सुपरवायझर आहे. म्हटलं, तुमच्याकडे मागचं दार असतं का. म्हणाली, असतं की, खोक्यांच्या मागे. खोकी हलवली तर दिसतं. आणि दारामागे काय आहे विचारलं तर म्हणाली, भिंत. मालकाने बांधली, मागच्या वर्षी साड्यांचे गठ्ठे चोरीला गेले तेव्हा.

मग तिनेच विचारलं, का रे? मी म्हटलं, काही नाही, तांत्रिक आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. सरांना मेल लिहायला घेतला. विषय: मागच्या दारांबाबत. प्रस्तावना चांगली झाली. भिवंडीतील गोडाऊन व्यवसायाचा आढावा, दोन परिच्छेद. मूळ मुद्द्यापर्यंत येता येता जेवणाची वेळ झाली.

ड्राफ्टमध्ये ठेवलाय. उद्या पाठवायचाच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाठवला नाही. कारण सरांनी ऑफिसात आलेल्या एका पार्टीसमोर माझी ओळख करून दिली. हमारा चेकिंग का सब काम यही देखते हैं. मी उभा राहून मान लववली. त्यानंतर तीन मिनिटांनी माणूस कसं सांगणार की सदतीस दारांच्या मागे भिंत आहे?

मग नीट विचार केला. दार वाईट आहे का? नाही. दार चांगलं आहे. भिंत वाईट आहे का? भिंतही सरळ आहे. दोघं एकमेकांच्या जवळ आहेत, एवढंच. यात माझ्या फिल्टरचा दोष नाही. फिल्टर अजून बारीक करायला हवा.

नऊ दारं वगळली. चुका २८.

१६ नोव्हेंबर, रविवार

घरचं वातावरण बदललंय. शेजारचे हरेश काका सकाळी सुके बोंबील घेऊन आले. त्यांचं गोडाऊन कुठेतरी अडकलंय, ते मी पास करावं म्हणून. मी म्हटलं, काका, माझ्याकडे पास करायचा अधिकार नाही. तर बाबा आतून म्हणाले, असा कसा न्हाय, तुझ्या हातातच सगला हाय, कंपूटरवर एक बटन तं दाबायचाय.

बोंबील परत द्यावे असं मनात होतं. आईने तोवर भिजत घातले होते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

उरलेली दारं घेतली. वगळणं सोपं, पण कारण सुचणं अवघड. दिवसभरात लिहिलेली कारणं: चाचांनी पाहिलं आहे. मालकाची सोय. दार आहे, फक्त मागे आहे. भिंत तात्पुरती असू शकते. उद्या बघू. हेही तसंच. हेही. हेही. वरीलप्रमाणे.

सव्वापाचला एक दार राहिलं होतं. ई-६. त्याच्यासमोर काय लिहावं सुचेना. पंचवीस मिनिटं त्याच्याकडे बघत बसलो. मग लिहिलं: बाकीच्यांसारखं.

संध्याकाळी ५.५२
चुका शून्य.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पेढे वाटले. सरांनी पाठीवर थाप मारली. चाचा म्हणाले, बेटा, हमारी दीवार पास हो गई? मी म्हटलं, मॉडेल पास झालंय, चाचा. भिंतीचं मी काही बोललो नाही. खोटं बोललो नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

मदीहाने पेढा घेतला नाही. टेबलाजवळ येऊन हळूच विचारलं की सर, तुमचा फिल्टर एकूण किती दारं तपासतो? मी म्हटलं, सगळी. ती म्हणाली, सगळी म्हणजे अठ्ठेचाळीस ना? मी म्हटलं, तपासण्यासारखी सगळी.

ती जागेवर गेली आणि मॉडेल उघडून बसली. तिने अजून मोठे प्रोजेक्ट पाहिलेले नाहीत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वाटलं होतं निवांत झोप लागेल. तसं होत नाहीये. ऑफिसात बसलो की मधेच ई-६ आठवतं. रंग राखाडी, रुंदी एक मीटर.

उपाय: हेड झालो की पहिलं काम म्हणून ही दारं मीच बघणार. अधिकार असल्याशिवाय सुधारणा होत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लिहावंसं वाटत नाही. पण नियम तो नियम.

कॉल अकराला सुरू झाला. स्क्रीन माझी. निळा शर्ट. मी म्हटलं, चुका शून्य. निशा मॅडम म्हणाल्या, छान, आता तुमचा फिल्टर काय काय पकडतो ते फक्त दाखवा. असं दाखवता येतं हे मला माहीत नव्हतं. कुठलं बटण ते त्यांनीच सांगितलं. मी दाबलं.

बाकीचं सगळं गायब झालं आणि स्क्रीनवर अकरा दारं उरली. नुसती हवेत उभी.

मॅडम म्हणाल्या, मंजूर नकाशात अठ्ठेचाळीस आहेत. बाकीची सदतीस कुठे आहेत? मी बोलायला सुरुवात केली. फिल्टर म्हणजे चाळण इथपासून. किती वेळ बोललो माहीत नाही. कुणी मधे अडवलं नाही, त्यामुळे थांबताही येईना.

मग त्यांनी वगळलेल्या ओळी उघडायला सांगितल्या आणि माझी कारणं मोठ्याने वाचली. आवाज अजिबात चढवला नाही. हेही तसंच, इथे थांबल्या आणि विचारलं, तसंच म्हणजे कसं? मी सरांकडे पाहिलं. सर टेबलाकडे बघत होते. चाचा माझ्याकडे बघत होते. लाज वाटली. खूप वाटली.

मॅडम म्हणाल्या, तिसऱ्यांदाही हेच असेल तर हे काम दुसरीकडे द्यावं लागेल. तेव्हा मदीहा म्हणाली, मॅम, मी एक स्क्रीन दाखवू का? तिने अठरा तारखेलाच स्वतःचा फिल्टर बनवून ठेवला होता. चार ओळी. अठ्ठेचाळीस दारं, त्यातली सदतीस लाल, प्रत्येकामागे कुठली भिंत तिचा नंबर. मॅडमनी पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, हे नीट करून १ डिसेंबरला दाखवा.

काम वाचलं. माझं काय ते कुणी बोललं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, प्रितेश, अब्बा कारण लिहायला लावायचे ते बंद पडलेला लूम पुन्हा चालू करायला. तू कारण लिहिलंस आणि लूमच मोजायचा सोडलास. मग विचारलं, मला येऊन सांगायला काय झालं होतं?

मी म्हटलं, अकरा तारखेला आलो होतो, तुम्ही फोनवर होता. हे बोलल्यावर मलाच कसंतरी झालं.

आजपासून चेकिंग मदीहा बघणार. हेड होणं म्हणजे शेवटी खुर्चीचा मोह. मला तो कधीच नव्हता. मी तिला सल्ला देत जाईन.

२६ नोव्हेंबर, बुधवार

रुचिकाला जेवताना सांगितलं. सगळं नाही, दारांपुरतं. तिने ताट वाढता वाढता विचारलं, म्हणजे तुला ठाऊक होतं आणि तू ती यादीतून काढली? मी म्हटलं, काढली नाही, वगळली. आणि ती कॉम्प्युटरवरची आहेत, खरी नाहीत.

ती म्हणाली, आमचंही आधी कॉम्प्युटरवरच असेल ना.

मग बसली आणि सांगायला लागली की एका शिफ्टला त्या दीडशे बायका असतात. तिचं टेबल मागच्या टोकाला आहे, त्या दारापाशी. पुढच्या शटरपर्यंत चालत जायला चार मिनिटं लागतात, खोकी मधे नसली तर. रागाने नाही, नुसतं सांगत होती. भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तसं.

मला तिच्याकडे बघवेना. तिथे जाऊन ती भिंत मला पाडता येणार नाही. इथली नुसती दाखवायची होती, तीही मी दाखवली नाही. तिला म्हटलं, नोकरी सोड. ती म्हणाली, मग तुझा पगार वाढला का? मी ताट उचलून मोरीत ठेवलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी असून ऑफिस चालू. चाचा आणि मदीहा भिंती काढत होते. सर गोडाऊन विकत घेणाऱ्या मालकाकडे जाऊन आले. त्याला सांगून आले की भिंत हवी असेल तर ड्राफ्ट्समन दुसरा बघा. मालक चिडलाय म्हणे.

मी मदतीला गेलो होतो. मदीहाला म्हटलं, काही अडलं तर विचार. तिने बरं म्हटलं. काही अडलं नाही. पाच वाजता निघालो.

३० नोव्हेंबर, रविवार

बाबांना सांगितलं. नाक्यावर जायला घातलेली चप्पल काढून ठेवली. मग म्हणाले, हरेशला काय सांगू? मी म्हटलं, सांगा, कंपनीने पद रद्द केलं. बाबा म्हणाले, मी न्हाय खोटा बोलणार, तूच जाऊन सांग.

गेलो नाही. काका घरी नसतील.

१ डिसेंबर, सोमवार

तपासणी पास. अठ्ठेचाळीस दारं, चुका शून्य. निशा मॅडमनी मदीहाचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. मनापासून वाजवल्या, हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

दुपारी मदीहाने नवीन पद्धत सुरू केली. ऑफिसातली सगळी पुढची कामं एकाच यादीत, प्रत्येक कामापुढे ज्याचं त्याचं नाव. फिल्टरमध्ये आपलं नाव टाकायचं की फक्त आपली कामं दिसतात. कसं टाकायचं ते तिने सगळ्यांना एकदा दाखवलं. मी या वेळी वहीत उतरवून घेतलं.

दुपारी ४.२०

माझं नाव टाकलं. यादी रिकामी आली.

वाटलं काहीतरी चुकलं. वही काढून एकेक पायरी पुन्हा केली. पुन्हा रिकामी. मग रहमतुल्ला चाचांचं नाव टाकून पाहिलं: एकवीस. मदीहाचं: चौतीस. सरांचं: सहा. पुन्हा माझं टाकलं.

फिल्टर बरोबर आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी बनवलेला फिल्टर बरोबर आहे.

उद्या मदीहाला विचारायचं, माझ्यासाठी काही काम आहे का.